भाकरीचे तारण

नांदगाव स्टेशनवर गाडी थांबली, की आजही माझी नजर बाहेर एक चूल शोधते. तीसेक वर्षांपूर्वी तिथे एक बाई पहाटेपासून बाजरीची भाकरी आणि ठेचा विकत असे. बाजरी आसपासच्या खेड्यांतली. मी तेव्हा गावातल्या एका बँकेत अधिकारी होतो. सुगीत भाव उतरला, की वर्षाची बाजरी एकदम भरावी म्हणून तिने कर्ज मागितले. मी विचारले, "तारण काय?" ती म्हणाली, "साहेब, रोज भाकऱ्या थापते, तेच." मी अर्ज बाजूला ठेवला.

हे खाते माझ्या मनात अजून बंद झालेले नाही. कारण गरिबांना चार टक्क्यांनी कर्ज देण्याची योजना १९७२ पासून होती. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना बँकांची कर्जे मिळवून दिली होती. नियम होता, उदाहरण होते. माझी छाती नव्हती.

त्याआधी, १९७२-७३च्या टंचाईत, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासह हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मागणी होती ती रास्त भावात धान्याची. आज आमच्याच तालुक्यात, मनमाडला, अन्न महामंडळाची मोठी गोदामे आहेत. २०१३च्या कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य मिळते, २०२३ पासून तेही मोफत. ही गोष्ट लहान नाही. पण त्यात बहुतांशी गहू-तांदूळच. पोट भरले, ताटात काय असावे, हे मात्र दुसऱ्यानेच ठरवले.

काय पिकवावे, काय खावे हे लोकांनी ठरवावे, या हक्काला 'अन्नसार्वभौमत्व' म्हणतात. शेतकऱ्यांच्या 'व्हिया कँपेसिना' या जागतिक संघटनेने तो शब्द १९९६ मध्ये पुढे आणला. शहरात त्याचा अर्थ गच्चीवरच्या मेथीपुरता उरू नये. शहरातला माणूस पिकवत नाही, विकत घेतो. तेव्हा जवळच्या शेतातली बाजरी त्याच्या ताटापर्यंत आणणारी ती चूल टिकली, तरच त्याला निवड उरते.

२०१४च्या कायद्याने फेरीवाल्याच्या जागेला संरक्षण दिले, २०२०च्या स्वनिधी योजनेने बिनतारण कर्ज. आता प्रश्न टेबलामागच्या माणसाचा आहे. तुमच्या गावात अशी चूल असेल, तर आज भाकरी तिथूनच आणा. आणि उद्या नगरपरिषदेत जाऊन विचारा, त्या बाईला बसायला हक्काची जागा केव्हा देणार?