‘हेमाडपंती’ : बांधणीचे नाव, काळाचे नव्हे

१/ काळ्या पाषाणाचे जुने देवालय दिसले की महाराष्ट्रात एक शब्द आपोआप ओठांवर येतो : ‘हेमाडपंती’. मंदिर कसे बांधले, त्याची शैली कोणती, ते कधीचे आणि कोणी उभारले, या चारही प्रश्नांना हे एकच उत्तर दिले जाते. वस्तुतः त्यांपैकी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर या शब्दात आहे.

२/ बांधणीची ती रीत अशी : दगड इतके काटेकोर घडवायचे की ते एकमेकांवर चपखल बसावेत. सांध्यांत चुना नाही की अन्य कोणता लेप नाही. कुठे एका दगडाला खाच आणि दुसऱ्याला तिच्यात बसणारा खुंटा. बाकी सारे काम वरच्या दगडांचा भार करतो. अभ्यासक या रीतीला ‘शुष्कसांधी’ म्हणतात.

३/ या मंदिरांच्या छताला खऱ्या कमानीचा आधार नसतो. खांबांवर तुळया, तुळयांच्या चौकटीच्या कोपऱ्यांवर तिरपे दगड, त्यांवर पुन्हा तसाच थर. प्रत्येक थरागणिक मोकळी जागा आक्रसत जाते आणि अखेरीस एका दगडाने ती झाकली जाते. भार सरळ खाली उतरतो.

४/ आता ज्याच्या नावावर हे सारे जमा झाले तो हेमाद्री पंडित. देवगिरीच्या यादवांपैकी महादेव (१२६१–१२७१) आणि रामचंद्र (१२७१–१३११) यांच्या दरबारातील हा वजनदार अधिकारी. त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा व्रते, दाने, श्राद्ध अशा विषयांवरील धर्मशास्त्राचा संग्रह आहे. तो वास्तुशास्त्राचा ग्रंथ नव्हे.

५/ कालगणना तपासली की अडचण उघड होते. ‘हेमाडपंती’ म्हणून सर्रास सांगितल्या जाणाऱ्या अंबरनाथच्या शिवमंदिरात शक ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे आणि त्यात उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी मांवाणि राजाचे नाव आहे. महादेव यादव गादीवर येण्यास तेव्हा दोनशे वर्षांचा अवधी होता.

६/ खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिरही याच नावाखाली मोडले जाते. तेथे यादव सिंघणाचा दानलेख आहे. सिंघणाची कारकीर्द १२४७ च्या सुमारास संपली. म्हणजे हेमाद्रीच्या अधिकारकाळापूर्वीच हे देवालय उभे होते. शुष्कसांधी रीत तर याहून कितीतरी जुनी. बदामीच्या चालुक्यांची पट्टदकल येथील आठव्या शतकातील मंदिरेही चुन्याविना उभी आहेत.

७/ शैलीचा प्रश्न आणखी निराळा. अंबरनाथ आणि सिन्नरचे गोंदेश्वर ही ‘भूमिज’ शैलीची मंदिरे : शिखराच्या चार बाजूंना चार उभे पट्टे आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान शिखरांच्या एकावर एक ओळी. माळव्यात परमार उदयादित्याने उदयपूर येथे बांधलेले अकराव्या शतकातील उदयेश्वर मंदिर याच कुळातले. ‘हेमाडपंती’ म्हणताच दख्खन आणि माळवा यांचे हे नाते दृष्टीआड होते.

८/ मग हे नाव रूढ कसे झाले? लोकस्मृतीला कर्ता हवा असतो आणि हेमाडपंत हा तिचा आवडता कर्ता. मोडी लिपीदेखील त्यानेच लंकेहून आणली, अशी आख्यायिका आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांनी लोकांच्या तोंडचा हा शब्द उचलला, जुन्या अवशेषांच्या वर्णनांत वापरला आणि त्याला छापील प्रतिष्ठा मिळाली.

९/ यावर कोणी म्हणेल : शब्द रूढ आहे, सर्वांना समजतो, त्याच्याशी झगडा कशाला? शब्द मुळीच टाकू नये. त्यात लोकांची शतकांची आठवण आहे. परंतु आठवण म्हणजे पुरावा नव्हे. ज्या गावच्या मंदिरावर ‘हेमाडपंती, तेरावे शतक’ असा फलक लागतो, तेथील अक्षर झिजलेला लेख वाचण्याची निकड मग कोणालाच भासत नाही. शिलाहार, चालुक्य आणि नाव न उरलेले सूत्रधार एका मंत्र्याच्या सावलीत लोपतात.

१०/ याची झळ दगडालाही बसते. बांधणीची रीत ध्यानात न घेता जीर्णोद्धार झाला की मोकळे सांधे ही ‘दुरुस्तीची जागा’ ठरते आणि त्यांत सिमेंट भरले जाते. पाणी आत अडते. पुढे ते सिमेंट काढताना घडीव कडा फुटतात. वर तैलरंग चढला की शिल्पे आणि अक्षरे बुजतात. ज्या रीतीचा अभिमान त्या शब्दात आहे, तीच रीत अशा जीर्णोद्धारात नष्ट होते.

११/ म्हणून शब्दांची वाटणी करावी. बांधणीसाठी ‘शुष्कसांधी’, शैलीसाठी ‘भूमिज’ किंवा जी असेल ती, काळासाठी शिलालेख आणि राजवंश. ‘हेमाडपंती’ हा शब्द लोकपरंपरेतील नाव म्हणून मानाने राहू द्यावा. पुढच्या वेळी तो फलकावर दिसला की तेथेच थांबू नये. द्वारशाखा, तुळया आणि खांब निरखावेत. मंदिराचा खरा पत्ता बहुधा तेथेच कोरलेला असतो.