डांग्या खोकला: जंतू मेल्यावरही खोकला का थांबत नाही?

"अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण झाला, तरी खोकला तसाच आहे. औषध बदलून द्या ना, डॉक्टर." डांग्या खोकल्याच्या रुग्णाकडून ही तक्रार हमखास येते. हा आजार आता पुन्हा बातम्यांत आहे. इंग्लंडमध्ये 2023 साली त्याचे हजारापेक्षा कमी रुग्ण नोंदले गेले होते. 2024 मध्ये ही संख्या 14 हजारांच्या वर गेली आणि 11 तान्ह्या बाळांचा मृत्यू झाला. जपानमध्ये 2018 पासून प्रत्येक रुग्णाची नोंद होते. तिथे 2025 साली आजवरचा उच्चांक मोडला गेला. जपानी भाषेत या आजाराचे नावच 'शंभर दिवसांचा खोकला' असे आहे.

खोकला इतका लांबतो याचे कारण जंतूच्या विषात आहे. आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरात काही पेशी चिकट स्राव, म्हणजेच कफ, तयार करतात. शेजारच्या पेशींवर अतिशय बारीक केस असतात. हे केस सतत हलत राहून धूळ आणि जंतू अडकलेला कफ घशाकडे ढकलतात आणि आपण तो नकळत गिळतो. डांग्या खोकल्याचा जंतू, बोर्डेटेला पर्टुसिस, नेमका या केसांना चिकटतो आणि विष सोडतो. यातले एक विष म्हणजे जंतूच्या स्वतःच्या भिंतीचा एक छोटा तुकडा. हॅम्स्टरच्या श्वासनलिकेवरील प्रयोगांत असे दिसले, की या विषामुळे कफ तयार करणाऱ्या पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवू लागतात आणि त्याने शेजारच्या केसवाल्या पेशी मरतात. म्हणजे मारेकरी शेजारचाच, जंतू फक्त चिथावणी देतो!

एकीकडे सूज आल्यामुळे कफ वाढतो, दुसरीकडे तो वर ढकलणारे केस उरत नाहीत. मग शरीराकडे एकच उपाय राहतो, जोरात खोकणे. म्हणून एका श्वासात दहा-पंधरा वेळा खोकला येतो, शेवटी श्वास आत घेताना 'हूप' असा आवाज होतो, तारेसारखा चिकट कफ पडतो आणि बऱ्याचदा उलटी होते. अझिथ्रोमायसिनसारखे औषध जंतू मारते आणि घरच्यांना होणारा संसर्ग थांबवते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू केले तर आजाराचा जोरही कमी होतो. पण ते नवे केस उगवू शकत नाही. अस्तर भरून यायला कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे अँटिबायोटिकमागून अँटिबायोटिक घेऊन काही साधत नाही.

कफ सिरपचेही तेच. मध्य प्रदेशात भेसळयुक्त सिरपमुळे मुले दगावल्यानंतर केंद्र सरकारने ऑक्टोबर 2025 मध्ये दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची औषधे देऊ नयेत, अशी सूचना काढली. ती पाळावी.

तान्ह्या बाळांचा धोका वेगळा आहे. या जंतूचे दुसरे विष रक्तातल्या पांढऱ्या पेशी प्रचंड वाढवते. त्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाटल्या की हृदयावर ताण येतो. अशा वेळी अतिदक्षता विभागातही हात टेकावे लागतात. म्हणून बचाव आधीच व्हायला हवा. आपल्याकडे लसीचा पहिला डोस सहाव्या आठवड्यात, पेंटाव्हॅलंटमधून मिळतो. त्याआधी बाळाकडे फक्त आईकडून आलेली प्रतिकारशक्ती असते. इंग्लंडमध्ये 2012 पासून गर्भवतींना ही लस देतात. एकेकाळी सत्तर टक्क्यांहून जास्त महिला ती घेत. 2023 पर्यंत हे प्रमाण साठच्या खाली आले. कोविडच्या काळात आजार दबून राहिल्याचा परिणामही असणार, पण माझ्या मते तान्ह्या बाळांच्या बाबतीत ही घसरण जास्त महत्त्वाची.

आपल्याकडे सरकारी केंद्रात गर्भवतीला जे 'टीडी' इंजेक्शन मिळते, त्यात धनुर्वात आणि घटसर्प यांचीच लस असते. डांग्या खोकल्याची नसते. "इंजेक्शन घेतलंय की," असे सांगणाऱ्या बऱ्याच जणींना हे माहीत नसते. 'टीडॅप' लस खासगीत मिळते. ती प्रत्येक गरोदरपणात, शक्यतो 27 ते 36 आठवड्यांदरम्यान घ्यावी. खरे तर ती सरकारी कार्यक्रमातच यायला हवी.

बाळापर्यंत हा जंतू बहुतेकदा घरातूनच पोहोचतो. लसीचा प्रभाव काही वर्षांत ओसरतो, त्यामुळे मोठ्या माणसांना हा आजार पुन्हा होतो आणि तो 'ॲलर्जीचा खोकला' म्हणून अंगावर काढला जातो. बारशाला आलेल्या खोकणाऱ्या मावशीला किंवा आजोबांना बाळ घेऊ देऊ नका. त्यांना वाईट वाटले तरी चालेल.

लहान बाळात 'हूप' आवाज येईलच असे नाही, खोकलाही किरकोळ असू शकतो. बाळ मध्येच श्वास घ्यायचे थांबले, ओठ निळे पडले किंवा दूध ओढेनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या. घरात कोण किती दिवसांपासून खोकत आहे, हेही तिथल्या डॉक्टरांना सांगा.