हात कानापर्यंत जाईना तेव्हा

साताऱ्याच्या आमच्या खाला नमाजला हात उचलताना कळवळायच्या. त्या कुशीवर झोप नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही. वर्षभर घरात 'वात आहे' म्हणत मालिश चालली. शेवटी आम्ही त्यांना मिरजेला नेले. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये तिथे मिशनचे रुग्णालय उघडले, तेव्हापासून सातारा-सांगलीकरांचे ते दवाखान्यांचे गाव.

एमआरआयमध्ये कारण कळले. चार स्नायूंच्या कंडरा खांद्याच्या गोळ्याला बाहीच्या कफसारख्या वेढून असतात. म्हणून त्यांना 'रोटेटर कफ' म्हणतात. खालांची वरची कंडरा अर्धवट फाटली होती. तरी डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितले नाही. अशा अनेकांना औषध आणि फिजिओथेरपीनेच आराम पडतो. खालांनी तीन महिने व्यायाम केले, पण दुखणे हटेना. फाटलेला भाग जाडीच्या निम्म्याहून जास्त होता. तो कमी असता तर बहुधा उसवलेल्या कडा साफ करून भागले असते. इथे दुर्बिणीतून हाडात बारीक अँकर बसवून कंडरा दोऱ्यांनी हाडाला बांधावी लागली. त्याआधी साखर ताब्यात आणली. मधुमेहात खांदा आखडण्याचा आणि जखम चिघळण्याचा धोका जास्त.

खरी कसोटी घरी होती. सहा आठवडे हात झोळीत ठेवायचा, फिजिओथेरपिस्ट सांगतील तेवढाच हलवायचा. चौथ्या आठवड्यात दुखणे थांबले आणि खालांनी पिठाची परात पुढे ओढली.

"आता बरी आहे मी. बसून किती दिवस खायचं?"

"अम्मी, दुखणं गेलंय, टाका अजून कच्चा आहे," असे म्हणत मुलाने परात उचलली. "आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचंही 2009 मध्ये खांद्याचं ऑपरेशन झालं. काही महिने मैदानाबाहेर बसला, म्हणून 2011 च्या विश्वचषकात 21 बळी घेतले!"

मुलाचे बरोबर होते. कंडरेला रक्तपुरवठा कमी, ती हळूच जुळते. वजन उचलायला चार ते सहा महिने जातात. घाई केली तर शिवलेले पुन्हा फाटते.

त्या काळात पीठ मुलाने मळले, वुजूला पाणी नातीने घातले. आमच्या घरांत बाई कामाला लागली की ती बरी झाली असे आपण समजतो. ऑपरेशन डॉक्टर करतात. पुढची विश्रांती घराने द्यायची असते.

पाच महिन्यांनी खालांचे हात कानापर्यंत गेले. अल्लाह सर्वांना शिफा देवो.