सुकाणू नसलेली पेटी

हिब्रू बायबलमध्ये ‘तेवा’ हा शब्द फक्त दोन कथांत येतो. उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाचं तारू, आणि निर्गमच्या दुसऱ्या अध्यायात तान्ह्या मोशेला नाईल नदीच्या लव्हाळ्यात ठेवलेली पेटी. दहा आज्ञांच्या कोशाला तेवा म्हणत नाहीत, त्याला ‘आरोन’ हा वेगळा शब्द आहे. मराठीत एकीकडे तारू, दुसरीकडे पेटारा. त्यामुळे दोन्ही कथांना जोडणारा धागाच आपल्या हातून निसटतो. हा शब्द मूळचा मिसरी, पेटी या अर्थाचा असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. नोहाचं तारू तीनशे हात लांब, मोशेचं बाळापुरतं. पण दोन्हींना डांबर फासलेलं, आणि शीड, वल्ही, सुकाणू यांचा उल्लेख कुठेच नाही. मला सगळं धर्मशास्त्र इथंच दिसतं: आतल्याने फक्त तरंगायचं, दिशा देणारा बाहेर आहे. पुढे तेवाला ‘शब्द’ असाही अर्थ आला. मग हसीदी या ज्यू भक्तिपंथाच्या गुरूंनी ‘तेवात शिर’ या नोहाला दिलेल्या आज्ञेचा अर्थ प्रार्थनेच्या शब्दात शिर असा लावला. व्युत्पत्ती म्हणून लंगडा, पण काय सुंदर! आजच्या इस्रायलमध्ये टपालपेटीच्या नावातही हाच शब्द आहे.