लहान तबकडी श्रेष्ठ कीं चिपेचें यंत्र?

ध्वनिमुद्रणाचा नाद लागलेलीं चार माणसें एकत्र जमलीं, म्हणजे त्यांच्यांत एक वाद हटकून निघतो. मिनिडिस्क नांवाची लहान तबकडी श्रेष्ठ, डॅट नांवाची फीत श्रेष्ठ, कीं हल्लींचें चिपेवर आवाज सांठविणारें यंत्र श्रेष्ठ? एक गृहस्थ म्हणतात, तबकडींत आवाज छाटला जातो. दुसरे विचारतात, "तुमच्या कानांना तें खरोखर कळतें, कीं कागदावरचे आंकडे वाचून कळतें?" तिसरे खिशांतून आपलें जुनें यंत्र काढून त्याचें झांकण उघडून दाखवितात, आणि मग तासभर कोणी उठत नाहीं. ही मंडळी आम्हांला मनापासून आवडते. परंतु त्यांच्या वादांतला मुख्य मुद्दा बहुधा बाजूलाच राहतो, असें आमचें मत झालें आहे. आणि त्या मुद्द्याचा संबंध आमच्या विद्यार्थ्यांच्या घरांशीं असल्यामुळें तो येथें मांडतों.

प्रथम त्या तबकडीविषयीं, कारण बहुतेक विद्यार्थ्यांनीं ती पाहिलेलीही नसेल. सोनी कंपनीनें ती १९९२ सालीं जपानांत विक्रीस आणिली. व्यास अवघा ६४ मिलिमीटर, म्हणजे १२० मिलिमीटरच्या सीडीच्या निम्म्याहून किंचित् अधिक. आणि ती कायमची एका चपट्या प्लॅस्टिकच्या डबींत बंद, त्यामुळें धूळ व बोटांचे ठसे यांची भीति नाहीं. तिच्यावर लिहिण्याची रीत मोठी चतुराईची आहे. एका बाजूनें लेसरचा किरण तबकडीवरील सूक्ष्म ठिपका तापवितो. तापतांच तो आपलें जुनें चुंबकत्व सोडतो, आणि त्याच क्षणीं दुसऱ्या बाजूचें चुंबक त्याला हवी ती दिशा देतें. ठिपका निवला कीं नोंद पक्की झाली. पुनः तापवून ती बदलतांही येते.

जागा मात्र थोडी. सीडीवर दर सेकंदास सुमारें १४ लक्ष ११ हजार बिट खर्च होतात. या तबकडीवर २ लक्ष ९२ हजारांत काम भागवीत. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज मनुष्याच्या कानाला ऐकूं येत नाहीं, तर तो लिहावा कशाला, असा हा हिशेब. अशा काटकसरीनें ७४ मिनिटांचें गायन तिच्यांत मावूं लागलें. शिवाय गाण्यांचा क्रम बदलणें, नको तो तुकडा काढून टाकणें, नांवें देणें, हें सारें हातांतल्या यंत्रावरच होई. कॅसेट पुढेंमागें फिरवून कंटाळलेल्या मनुष्याला याचें केवढें अप्रूप वाटलें असेल!

डॅट फीत हिच्याहून जुनी, १९८७ ची. तिच्यांत अशी काटकसर नव्हती. सेकंदाला ४८ हजार वेळां आवाजाचें माप घेऊन तें जसेंच्या तसें उतरविलें जाई, म्हणून ध्वनिमुद्रणाचा धंदा करणारे तिला मानीत. पण आंत व्हिडिओयंत्राप्रमाणें गरगर फिरणारा नाजूक भाग, आणि हवें तें स्थळ गांठावयास फीत गुंडाळीत बसणें, हें आलेंच. फिलिप्सची डिजिटल कॅसेट १९९२ सालींच आली आणि १९९६ त गेली. तिच्यावर अधिक शाई खर्चीत नाहीं. २००५-०६ च्या सुमारास मुठींत मावणारीं चिपेचीं यंत्रें बाजारांत दिसूं लागलीं. त्यांत फिरणारा भागच नाहीं, आणि सेकंदाला ९६ हजार मापें घेण्याची ऐपत त्यांतील पुष्कळांत आहे. आवाजाच्या गुणाविषयीं आम्ही एवढेंच म्हणतों कीं, सभागृहांत चाळीस मुलें गात असतां आणि वर सहा पंखे फिरत असतां, मायक्रोफोन कोठें ठेविला याचा परिणाम तबकडी कीं चिप यापेक्षां कितीतरी अधिक होतो.

आमच्या मतें खरा प्रश्न निराळाच आहे. आंत गेलेला आवाज पुनः बाहेर काढतां येतो काय? गाण्यांच्या कंपन्यांना नकलेची धास्ती होती. त्यामुळें या यंत्रांत अशी योजना असे कीं, मूळ प्रतीवरून एक डिजिटल नक्कल व्हावी, पण त्या नकलेची नक्कल होऊं नये; अमेरिकेंत १९९२ च्या कायद्यानेंच ती अट घातली. २००१ सालीं मिनिडिस्क संगणकाला जोडतां येऊं लागली, पण वाट एकेरी! संगणकांतलें गाणें तबकडींत झटकन् उतरे. आपण स्वतः मायक्रोफोनवर नोंदलेला आवाज मात्र त्या तारेनें परत येत नसे. ७४ मिनिटांची नोंद हवी, तर ७४ मिनिटें ती वाजवीत बसावयाचें. जुन्या तबकड्यांवरील नोंदी संगणकांत उतरवून देणारें यंत्र कंपनीनें काढलें तें २००६ सालीं, म्हणजे गिऱ्हाईक चिपेकडे वळल्यावर. आपल्याच घरच्या माणसाचा आवाज मालकालाच देण्याची टाळाटाळ करणारी वस्तु, ती कितीही सुबक असो, आम्ही श्रेष्ठ म्हणूं शकत नाहीं. चिपेच्या यंत्रांतून निघते ती साधी फाईल. ती कोठेंही न्यावी, दहा ठिकाणीं ठेवावी.

आवाज हातोहात पुढें गेला तरच टिकतो, याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनीं खेडोपाडीं हिंडून जात्यावरच्या एक लक्षाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि बर्नार्ड बेल यांनीं त्यांचें १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलें. तें एका यंत्रांत अडकून राहिलें नाहीं, म्हणून आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर त्या बायांचे आवाज कोणालाही ऐकतां येतात.

उलट आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची गोष्ट. १९९९ च्या नाताळांत आखातांतून आलेल्या मामांनीं आपल्या नव्या यंत्रावर आजीच्या ओव्या आणि दोन भजनें नोंदून घेतलीं. पुढें आजी गेली, आणि कांहीं वर्षांनीं यंत्रही बंद पडलें. दुरुस्ती करणाऱ्यानें तें उघडून पाहिलें आणि लेसरचा भाग मिळत नाहीं म्हणून परत दिलें. नवें कोठून आणणार? सोनीनें हीं यंत्रें विकणें २०१३ सालीं थांबविलें, आणि कोऱ्या तबकड्या करणेंही फेब्रुवारी २०२५ मध्यें बंद केलें.

म्हणून पालक आम्हांस विचारतात कीं, मुलासाठीं कोणतें यंत्र घ्यावें, तेव्हां आम्ही सांगतों: स्वस्त घ्या, महाग घ्या, परंतु त्यांतली नोंद त्याच संध्याकाळीं दुसरीकडे उतरवून ठेवितां येईल असें घ्या. आणि त्या वादप्रिय मंडळींस आमचें सांगणें असें कीं, तुमचीं जुनीं यंत्रें मोडींत काढूं नका. कांहीं जुन्या यंत्रांतून नोंद जशीच्या तशी बाहेर काढण्याची युक्ति तुमच्यांतल्याच उत्साही लोकांनीं अलीकडे शोधून काढली आहे, हें आम्हीं ऐकलें आहे, आणि त्याबद्दल त्यांस शंभर अपराध माफ.

वर सांगितलेली तबकडी सध्यां आमच्याजवळ आहे. चिठ्ठीवर निळ्या शाईनें "आई, नाताळ" एवढेंच लिहिलेलें आहे. कोणा वाचकाच्या घरीं चालू स्थितींतलें मिनिडिस्क यंत्र असल्यास त्यांनीं कृपा करून या अंकाच्या संपादकांस कळवावें; यंत्र घेऊन येण्याची तसदी नको, तबकडी घेऊन आम्हीच येऊं.