राखीव बाकावरचे मूल

अमेरिकेतील उपनगरांत मे-जून उजाडला की असंख्य घरांत एका परीक्षेची धांदल सुरू होते, आणि ही परीक्षा शाळेची नसते. आठ-नऊ वर्षांची मुले-मुली अंगावर क्रमांक लावून हिरव्यागार मैदानावर उतरतात, हातात कागद घेतलेले प्रशिक्षक कडेला उभे राहतात, आणि दोन-तीन संध्याकाळच्या खेळावरून प्रत्येकाची प्रतवारी ठरते: हा पहिल्या संघात, ही दुसऱ्या संघात, आणि याला यंदा जागा नाही. ज्या संस्थांसाठी ही निवडचाचणी होते त्यांना तिकडे ट्रॅव्हल क्लब म्हणतात. कारण त्यांचे संघ दर शनिवार-रविवारी परगावी, प्रसंगी परराज्यात, सामने खेळायला जातात. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळाला तिकडे सॉकर हे नाव आहे. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत वसलेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही या रांगेत असतात, आणि ‘कोणत्या क्लबात घालावे?’ हा प्रश्न दूरध्वनीवरून पुण्या-मुंबईच्या आजी-आजोबांपर्यंत येऊन पोचतो. प्रश्न वरवर पाहता अगदी घरगुती आहे. परंतु घरगुती वाटणाऱ्या निवडींतूनच समाजाच्या खेळाचे, शिक्षणाचे आणि विषमतेचे स्वरूप ठरत असते, म्हणून त्याचा विचार चारचौघांत व्हावयास हवा.

अमेरिकेत मुलांच्या फुटबॉलच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट वस्तीतल्या हौशी खेळाची. १९६४ साली कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे स्थापन झालेल्या ‘अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन’ने ‘प्रत्येक जण खेळेल’ हे आपले मूळ सूत्र मानले. संघात आलेल्या प्रत्येक मुलाला निदान अर्धा सामना मैदानावर मिळालाच पाहिजे, असा तिचा दंडक आहे. गावोगावच्या नगरपालिकांच्या लीगही याच वळणाच्या आहेत. तेथे प्रशिक्षक म्हणजे बहुधा कुणाची तरी आई किंवा वडील, वर्गणी बेताची आणि मैदान घराजवळचे. दुसरी वाट ट्रॅव्हल क्लबांची. तेथे निवडचाचणी आहे, पगारी प्रशिक्षक आहेत, वर्षाचे बहुतेक महिने सराव आहे. शिवाय या वाटेवर पायऱ्यांवर पायऱ्या आहेत. २००९ साली मुलींसाठी ‘ईसीएनएल’ ही लीग निघाली आणि २०१७ पासून तिने मुलांनाही सामावून घेतले. राष्ट्रीय महासंघाने २००७ मध्ये सुरू केलेली ‘डेव्हलपमेंट अकॅडमी’ २०२० मध्ये बंद पडली आणि मुलांसाठी ‘एमएलएस नेक्स्ट’ तिच्या जागी आली. आद्याक्षरांच्या या गर्दीत नव्या पालकाची समजूत अशी होते की, ज्या क्लबाच्या फलकावर सर्वांत वरच्या लीगचे नाव, तो क्लब चांगला. पहिली फसगत येथेच होते. ते नाव क्लबाच्या पहिल्या संघाचे असते. एकेका वयोगटाचे तीन-तीन, चार-चार संघ काढणाऱ्या क्लबात आपले मूल दुसऱ्या किंवा तिसऱ्या संघात असण्याचा संभव अधिक. झेंडा एकाचा आणि फी सर्वांची, असा तो मामला असतो.

आणि ही फी किरकोळ नाही. अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीनुसार अमेरिकन कुटुंबाने २०२४ साली एका मुलाच्या मुख्य खेळावर सरासरी १,०१६ डॉलर खर्च केले. २०१९ च्या मानाने ही वाढ ४६ टक्क्यांची आहे. ही झाली सर्व खेळांची आणि सर्व पातळ्यांची सरासरी. ट्रॅव्हल क्लबाची नुसती वार्षिक फीच अनेक ठिकाणी दोन-तीन हजार डॉलरांच्या घरात जाते. गणवेश, स्पर्धांचे प्रवेशशुल्क, पेट्रोल, विमानभाडे आणि हॉटेल वेगळे. कित्येक स्पर्धांत तर आयोजकांनी नेमून दिलेल्या हॉटेलांतच उतरले पाहिजे, अशी अट असते. मुलांचा खेळ खोलीभाड्याच्या धंद्याला जुंपण्याची ही युक्ती ज्याने काढली, त्याच्या व्यापारी बुद्धीला दाद द्यावी तेवढी थोडी!

हे असे का झाले, हेही समजून घेतले पाहिजे. फिफाच्या २००१ पासूनच्या नियमांनुसार व्यावसायिक खेळाडू करार चालू असताना एका क्लबातून दुसऱ्या क्लबात गेला, की त्या व्यवहारातील रकमेचा पाच टक्क्यांपर्यंतचा वाटा त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षांदरम्यान घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. अमेरिकेच्या महासंघाने तेथील मक्तेदारीविरोधी कायद्याची अडचण पुढे करून हा नियम वर्षानुवर्षे अमलात आणला नाही. डीआंद्रे येडलिन या खेळाडूला २०१४ साली लंडनच्या टॉटनहॅम क्लबाने घेतले, तेव्हा वॉशिंग्टन राज्यातील ज्या क्लबात तो लहानपणी शिकला होता त्या क्लबाने आपला वाटा मागितला, आणि तो वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. सारांश, वरून पैसा झिरपत नाही. क्रीडामंत्रालय नावाची गोष्ट त्या देशात नाही, तेव्हा सरकारचा हातभारही नाही. उरतो तो पालकांचा खिसा. ज्याच्या खिशावर संस्था चालते तोच तिचा ग्राहक, आणि म्हणून या व्यवहारात खेळणारे मूल ग्राहक नसून पालक हा ग्राहक आहे. पालकाच्या मनात ‘आपले मूल मागे पडेल’ ही भीती जितकी खोल, तितका क्लबाचा व्यवसाय भरभराटीचा.

या भीतीच्या पोटात कॉलेजच्या शिष्यवृत्तीची आशा दडलेली असते. तिचे गणित कुणी मांडून पाहत नाही. हायस्कुलात फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी कॉलेज-खेळाच्या पहिल्या विभागात एखाद-दुसराच पोचतो. त्या विभागातील पुरुषांच्या एका संघाला २०२५ पर्यंत मिळून ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्यांचीच मुभा होती, आणि पंचवीस-तीस खेळाडूंत त्यांचे तुकडे करून वाटप होत असे. २०२५ मधील न्यायालयीन तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांत ही मर्यादा गेली, पण तिच्या जागी खेळाडूंच्या संख्येवरच मर्यादा आली. दहा वर्षे फी भरून शिष्यवृत्तीची वाट पाहण्यापेक्षा तीच रक्कम मुलाच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवणे अधिक शहाणपणाचे, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

ज्यांच्याकडे बाजूला ठेवायलाही काही नाही, त्यांचे काय? क्लिंट डेम्प्सी याने अमेरिकेच्या पुरुष संघासाठी ५७ गोल केले. लँडन डोनोव्हनबरोबर तो विक्रमाचा वाटेकरी आहे. टेक्सासमधील नॅकोगडोचेस या गावी तो ट्रेलरवजा घरांच्या वस्तीत वाढला. क्लबाच्या सरावासाठी त्याला तीन-तीन तास मोटारीने डॅलसला न्यावे लागे, आणि घरची ओढाताण अशी की, टेनिस खेळणाऱ्या बहिणीचा आणि त्याचा असा दोघांचा खर्च न झेपल्यामुळे मध्यंतरी त्याला क्लब सोडावा लागला. पुढे संघातील इतर मुलांच्या पालकांनी हात दिला म्हणून तो टिकला. चांगुलपणाचा हा योगायोग सुंदर आहे. पण योगायोगावर चालणाऱ्या व्यवस्थेला व्यवस्था म्हणता येत नाही. १० ऑक्टोबर २०१७ रोजी चौदा लाख वस्तीच्या त्रिनिदाद-टोबॅगोकडून १-२ असे हरून अमेरिका २०१८ च्या विश्वचषकाला मुकली. त्या पराभवाची कारणे अनेक होती. परंतु त्यानंतर त्या देशात जे आत्मपरीक्षण झाले, त्यात ‘पैसे भरा आणि खेळा’ या पद्धतीमुळे किती मुले दाराबाहेर राहिली, हा प्रश्न पुन्हापुन्हा विचारला गेला.

ट्रॅव्हल क्लब म्हणजे निव्वळ लूट, असे आमचे म्हणणे नाही. तेथे शिकलेले प्रशिक्षक आहेत, शिस्त आहे, बरोबरीच्या खेळाडूंशी झुंजण्याचा आनंद आहे. विशेषतः शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर तेथे मुलींच्या खेळाला जे भरते आले, त्यात क्लबांचाही वाटा आहे. १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ अशा चार विश्वचषकांवर अमेरिकेच्या महिलांनी नाव कोरले ते उगीच नव्हे. ज्या मुलाला खेळाची खरी ओढ आहे त्याला अधिक चांगले शिक्षण मिळावे असे आई-वडिलांना वाटणे स्वाभाविकच आहे. वाद आहे तो निवडीच्या कसोटीचा. पहिल्या संघाने किती चषक जिंकले, ही क्लबाची कसोटी होऊ शकत नाही. राखीव बाकावर बसलेल्या सर्वांत दुबळ्या मुलाशी क्लब कसा वागतो, हीच आमच्या मते त्याची एकमेव विश्वासार्ह कसोटी होय. शेवटच्या माणसाकडे पाहून राज्यकारभार तोलावा, असे आपण मानत आलो. मुलांच्या संस्थेला निराळे माप लावण्याचे कारण नाही.

ही कसोटी भावनेची नसून चोख हिशेबाची आहे. गेल्या हंगामात सर्वांत कमी खेळलेल्या मुलाला सामन्यात किती मिनिटे मिळाली, हे पालकाने क्लबाला विचारावे. दुसऱ्या संघाला कोण शिकवतो, आणि तो एकाच वेळी किती संघ सांभाळतो? वर्षअखेरीस किती मुले क्लब सोडून जातात? वयोगटाची रेषा १ जानेवारीची असो की २०२६-२७ च्या हंगामासाठी ठरलेली १ ऑगस्टची असो, रेषेच्या अलीकडे जन्मलेले मूल पलीकडच्यापेक्षा अकरा-अकरा महिन्यांनी लहान असते; चाचणीत त्याची उंची मोजली जाते की चेंडूवरची समज? दहा वर्षांपर्यंतच्या मुलांनी डोक्याने चेंडू मारू नये, हा महासंघाने २०१५ साली केलेला नियम सरावातही पाळला जातो का? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली सल्ला दिला की, एकाच खेळाला वाहून घेणे पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावे, आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून विश्रांती द्यावी. क्लबाच्या वेळापत्रकात ही विश्रांती कुठे बसते?

प्रशिक्षकाची जीभ हा यापुढचा विषय. महिलांच्या व्यावसायिक लीगमधील छळाची चौकशी करून सॅली येट्स यांनी २०२२ साली अहवाल दिला, आणि त्या छळाची मुळे मुलींच्या क्लबांपर्यंत पोचतात, असे नमूद केले. ओरडणे, अपमान करणे म्हणजेच कडक शिस्त, अशी सवय तेथे लहानपणीच लागते. २०१८ च्या कायद्याने बालकांवरील लैंगिक अत्याचाराचा संशय तत्काळ कळवणे खेळातील प्रौढांवर बंधनकारक केले आहे. तरी कायदा दाराशी उभा असतो. आत काय चालते ते पालकानेच पाहावे. दोन सराव आणि एक हरलेला सामना शांतपणे पाहिला म्हणजे पुष्कळ कळते. जो क्लब पालकाला सराव पाहूच देत नाही, त्याच्या वाटेला न जाणे बरे. पैशाचेही तसेच. पुष्कळ क्लब कायद्याने ना-नफा संस्था आहेत आणि त्यांचे वार्षिक विवरणपत्र कुणालाही पाहता येते. फीची सवलत किती मुलांना मिळते, ती कोण ठरवते, हे त्या हिशेबाबरोबर विचारावे. शेवटी अंतर मोजावे. रोजचा तासाभराचा मोटारप्रवास मुलाचा अभ्यास, झोप आणि भावंडांची संध्याकाळ खात असतो.

‘असे लाड केले तर खेळाडू घडणार कसे?’ हा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. त्याला उत्तर नॉर्वेने दिले आहे. त्या देशाने १९८७ साली मुलांच्या खेळाचे नियम केले आणि २००७ मध्ये मुलांचे हक्क म्हणून त्यांना नवे रूप दिले. अकरावे वर्ष लागण्याआधी गुणतक्ते आणि क्रमवारी नाही, तेरावे लागण्याआधी राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा नाही. सरकारी लॉटरीचे उत्पन्न मैदाने आणि क्रीडागृहे बांधण्याकडे जाते. पन्नास-पंचावन्न लाख वस्तीच्या या देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदके मिळवली, आणि त्याचा पुरुष फुटबॉल संघ २८ वर्षांनंतर २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरला. नॉर्वेत बर्फ आहे, सुबत्ता आहे, हे खरे. पण सुबत्ता अमेरिकेतही आहे. मुलांना उशिरा चाळणी लावल्याने खेळ बुडत नाही, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

अमेरिकेतल्या मराठी पालकाला याहून जवळचेही एक उदाहरण आहे. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींनी आणि मंडळांनी फुटबॉल वाढवला. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही नावे शाहू स्टेडियमवर गर्दी खेचतात. खेळाडू पेठेचा आणि संघही पेठेचा, हा तेथला बाणा. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. या परंपरेत ईर्षेच्या हाणामाऱ्या आहेत आणि मुलींना फारसे स्थान नाही, हे दोष झाकण्याचे कारण नाही. तरी मैदान सर्वांचे असावे ही जाणीव तिच्यात आहे. पुण्या-मुंबईत फी घेणाऱ्या खाजगी अकादमी वाढू लागल्या असताना ती जाणीव आपणही विसरता कामा नये.

म्हणून अमेरिकेतील आमच्या वाचकांना आमचे सांगणे दुहेरी आहे. वयाच्या दहा-अकरा वर्षांपर्यंत गावातल्या साध्या लीगला प्राधान्य द्या. पुढे मुलानेच हट्ट धरला आणि क्लब निवडावा लागला, तर वरील प्रश्न विचारून निवडा. पण निवड करून थांबू नका. ना-नफा क्लबांना कार्यकारी मंडळे असतात, त्यांच्या सभा असतात. तेथे जाऊन फी-सवलतीचा निधी वाढवा, सर्वांना खेळवण्याचा नियम लेखी करून घ्या. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात मैदानाची रक्कम कापली जात असेल, तर त्या सभेतही उभे राहा. आपले मूल मोटारीत बसून दूरच्या हिरवळीवर गेले, तरी शेजारचे मूल गावातल्या त्याच मैदानावर खेळणार आहे. ते मैदान राहिले पाहिजे आणि त्या मुलालाही शिकवणारे कुणी मिळाले पाहिजे. ही जबाबदारी फी भरून संपत नाही.