दीर्घ पल्ल्याचा हिशेब

उद्योजकाने लांब पल्ल्याच्या धावपटूकडून चिकाटी शिकावी, हा उपदेश मार्गदर्शनपर व्याख्यानांतून आणि महाविद्यालयीन समारंभांतून अलीकडे वारंवार ऐकू येतो. तो चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. ‘थांबू नका’ एवढाच बोध मॅरेथॉनमधून घेणे म्हणजे खतावणीची केवळ जमेची बाजू वाचण्यासारखे होय.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. स्नायूंत व यकृतात साठविलेली शर्करा साधारणतः ३० ते ३२ किलोमीटरपर्यंत पुरते. प्रारंभीच्या उत्साहात ज्याने वेग वाढविला, त्याचा साठा त्याआधीच सरतो आणि पाय शिशासारखे जड होतात. तेथे नुसते मनोबल फारसे कामास येत नाही. म्हणूनच जाणता धावपटू आरंभी हात राखून धावतो आणि वाटेतील केंद्रांवर पाणी व साखर घेत जातो. शिवनाथ सिंह यांनी १९७८ साली जालंदर येथे २ तास १२ मिनिटांत हे अंतर कापले. तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकला. अशी कामगिरी क्षणिक आवेशाने होत नाही; तिच्यामागे शक्तीची काटकसर असते.

लहान उद्योजकाची ही शर्करा म्हणजे खेळते भांडवल. सारी पुंजी जागा, यंत्रे आणि उद्घाटन यांतच खर्ची पडली, तर विकलेल्या मालाचे पैसे हाती येईपर्यंत तग धरता येत नाही. वहीत नफा दिसतो आणि पगाराच्या दिवशी गल्ला रिकामा असतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीने शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. ही कथा चिकाटीचा दाखला म्हणून सांगितली जाते; तिचा उत्तरार्ध मात्र विसरला जातो. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ जमीन आणि कर्जाऊ रक्कम दिली, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. चिकाटी लक्ष्मणरावांची होती. वाटेवरचे पाणी औंधने दिले.

आज हे पाणी कोण देतो? सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे, असे बंधन २००६ च्या कायद्याने घातले आहे. तथापि मोठा ग्राहक तुटेल या भीतीने लहान पुरवठादार दाद मागण्यास कचरतो. ज्याचे हक्काचे पैसे अडले आहेत, त्यास चिकाटीवर व्याख्यान देणे ही क्रूर थट्टा होय.

आणखी एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. धावपटूस अंतिम रेषा कोठे आहे हे ठाऊक असते. उद्योजकास ते ठाऊक नसते. अतिदीर्घ शर्यतींत तर वाटेतही वेळेची मर्यादा असते व ती चुकल्यास स्पर्धकास थांबविले जाते. उद्योजकाला असे थांबविणारा कोणी नसतो. म्हणून किती महिने आणि किती रक्कम, ही मर्यादा त्याने घरचे दागिने गहाण पडण्यापूर्वीच कागदावर मांडावी. त्या मर्यादेशी जो थांबतो त्यास आपण पळपुटा म्हणू नये. पुढील शर्यतीसाठी त्याचे पाय शाबूत राहतात, हे विद्यार्थ्यांना सांगण्याचे धैर्य शिक्षकांनी दाखवावे.